बाईंचा लॅपटॉप आणि अठ्ठेचाळीस आकडी किल्ली

२०२५ च्या एप्रिलमधली गोष्ट आहे. शनिवारी सकाळी सातला कराडहून बाईंचा फोन आला. बाई म्हणजे मला आठवी ते दहावी गणित शिकवलेल्या आमच्या बाई, रिटायर होऊन दहा वर्षं झाली पण घरी शिष्यवृत्तीच्या पोरांना शिकवणं अजून चालूच आहे. म्हणाल्या, अरे लॅपटॉप दुरुस्त होऊन आला, चालू केला तर निळी स्क्रीन येतेय आणि कसलातरी नंबर मागतेय, माझा पिन घातला तर घेत नाही, आणि तो मोठ्या अक्षरांचा कीबोर्डपण बंद पडलाय, व्हायरस शिरला का रे?

मी फोटो मागवला आणि बघितल्यावर पोटात गोळाच आला. व्हायरस बियरस काही नव्हतं, विंडोजमधल्या बिटलॉकर नावाच्या डिस्कच्या कुलपाची रिकव्हरी स्क्रीन होती, म्हणजे लॅपटॉपची डिस्क कुलूपबंद आहे आणि विंडोज अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की मागतंय. बाईंना विचारलं, बाई तुम्हाला अशी की कोणी दिली होती का, कुठं लिहून ठेवलीय का? तर त्यांनी हे नावच पहिल्यांदा ऐकलेलं. लॅपटॉपला असं काही कुलूप आहे हेच त्यांना तीन वर्षं माहीत नव्हतं.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण हे कोणाच्याही घरी होऊ शकतं, आणि झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधी पाच मिनिटं घालवलेली बरी.

आधी काय झालं होतं ते सांगतो. लॅपटॉप २०२२ च्या जूनमध्ये गावातल्याच एका दुकानातून घेतलेला, विंडोज ११ होम, ५१२ जीबीची एसएसडी डिस्क, तीन वर्षांची वॉरंटी. दुकानातल्या पोरानं तिथंच चालू करून, सगळं सेट करून, बाईंच्या नावानं युजर बनवून, सहा आकडी पिन टाकून हातात दिला, बाई खूश. मार्च २०२५ मध्ये चार्जिंग होईना म्हणून कोल्हापूरच्या सर्व्हिस सेंटरला दिला, वॉरंटी संपायला तीन महिने राहिले होते, त्यांनी मदरबोर्ड म्हणजे आतला मुख्य बोर्डच बदलून दिला, एक रुपया घेतला नाही. ‘डेटाची जबाबदारी ग्राहकाची’ अशी ओळ असलेल्या फॉर्मवर बाईंची सही आहे, पण बोर्ड बदलल्यावर रिकव्हरी की लागेल, ती आहे ना तुमच्याकडे, हा एक प्रश्न कोणी विचारला नाही. तो विचारला असता तर जुन्या बोर्डावर लॅपटॉप थोडा वेळ चालू करून की काढून घेता आली असती की नाही सांगता येत नाही, चार्जिंगच बंद होतं, पण निदान बाईंनी आधी कोणाला तरी विचारलं असतं.

आता बोर्ड बदलल्यावर कुलूप का पडतं हे नीट समजून घ्या. डिस्कवरचा सगळा डेटा एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करून ठेवलेला असतो आणि तो उघडायची किल्ली टीपीएम नावाच्या भागात सांभाळलेली असते, काही मशीनमध्ये ती बोर्डावरची वेगळी चिप असते तर काहींमध्ये प्रोसेसरच्या आतच असते. लॅपटॉप चालू होताना टीपीएम बघतो की सगळं कालच्यासारखंच आहे का, असलं तर गुपचूप किल्ली देऊन टाकतो, म्हणून रोज आपल्याला काही कळतच नाही. बोर्ड बदलला की टीपीएमपण बदलला, लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बोर्डालाच सोल्डर केलेला असतो त्यामुळं दोन्ही प्रकारात तेच. सोसायटीचा वॉचमन बदलला की तो तुम्हाला तुमच्याच गेटवर अडवणार, त्याची काय चूक, त्याला तुम्ही कोण हे माहीतच नाही. मग तो ओळखपत्र मागतो, ते ओळखपत्र म्हणजे ही अठ्ठेचाळीस आकडी की.

कीबोर्डचं कोडं तर सोपं होतं. बाईंचा मोठ्या अक्षरांचा कीबोर्ड ब्लूटूथचा आहे, विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या स्क्रीनवर ब्लूटूथ चालतच नाही, तिथं लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड किंवा वायरचा, नाहीतर यूएसबी डोंगलवाला लागतो. पण बाईंना एकाच वेळी दोन गोष्टी बंद दिसल्या त्यामुळं त्या जास्त घाबरल्या. घरात एक साधा वायरचा कीबोर्ड पडून असावा हे मी सगळ्यांना सांगतो, तीनचारशे रुपयांचा येतो.

पणाला काय लागलं होतं तेही सांगायला हवं. बाईंनी सहा वर्षांत टाइप केलेले गणिताचे १४० प्रश्नसंच, प्रत्येकाची उत्तरसूची, आकृत्या स्वतः काढलेल्या, आणि सर, म्हणजे बाईंचे यजमान, गेले त्याच्या आधीच्या वर्षातले त्यांचे सगळे फोटो. फोनमधून लॅपटॉपवर टाकले आणि फोनमधून डिलीट केले, जागा होत नव्हती म्हणून. पेन ड्राइव्हवर बॅकअप होता तो मागच्या दिवाळीचा, त्यात प्रश्नसंच ११२ पर्यंतचेच, फोटो नाहीतच. वनड्राइव्ह म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवणीची जागा, तिथले फुकटचे ५ जीबी कधीच भरून गेले होते आणि ते भरल्याचे मेसेज बाई रोज बंद करत होत्या.

मी त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं पुण्याहून निघालो.

पोचेपर्यंत बाईंनी सर्व्हिस सेंटरला फोन करून झाला होता, तिथून उत्तर मिळालं, फॉरमॅट मारून देतो, डेटा जाईल. ओळखीतल्या एकानं सांगितलं डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लाव, निघेल सगळं. तेपण करून बघितलं, एसएसडी काढून यूएसबीच्या केसमध्ये घालून माझ्या लॅपटॉपला लावली, ड्राइव्ह दिसतो पण त्यावर कुलपाचं चित्र आणि क्लिक केलं की तीच अठ्ठेचाळीस आकडी मागणी. यात आश्चर्य काही नाही, तसं निघालं असतं तर कुलपाला अर्थच नव्हता. म्हणूनच कोणी अमुक हजार द्या, की नसली तरी बिटलॉकर तोडून डेटा काढून देतो असं म्हणत असेल तर एक पैसा देऊ नका, ती की १२८ बिटांची आहे, अंदाजानं सापडायची गोष्ट नाही.

म्हणजे एकच रस्ता, की कुठं सेव्ह झालीय ते शोधणं.

विंडोजच्या होम आवृत्तीत याला डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात आणि ते बहुतेक नव्या लॅपटॉपवर आपणहून चालू होतं, पहिल्यांदा सेटअप करताना ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं साइन इन करता त्या अकाउंटमध्ये की जाऊन बसते. म्हणून पहिलं बाईंचं अकाउंट उघडून बघितलं, तीन वर्षांपूर्वी मुलीनं बनवून दिलेलं. तिथं रिकव्हरी कीच्या पानावर एकही की नाही. बाईंचा चेहरा तेव्हा उतरला. मला मात्र अर्धी वाट सापडली होती, कारण की नाही म्हणजे हा लॅपटॉप पहिल्यांदा दुसऱ्याच कोणाच्या तरी अकाउंटनं उघडला गेलाय.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून एक फार चांगली गोष्ट झालीय, रिकव्हरी स्क्रीनवर की ज्या अकाउंटमध्ये आहे त्या ईमेलची अर्धवट खूण दिसते. बाईंच्या मशीनवर ती आवृत्ती आली होती. फोटोत नीट दिसत नव्हतं, समोर बसून बघितलं तर सुरुवातीची अक्षरं बाईंच्या नावाची नव्हतीच. बाईंनी चष्मा पुसला, परत बघितलं आणि म्हणाल्या, अरे ही तर दुकानाच्या नावाची अक्षरं आहेत, माझ्या बिलावर आहे तो ईमेल.

काय झालं होतं ते तिथं उलगडलं. विंडोज ११ होम सेटअप करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट मागतं, गिऱ्हाईक दुकानात उभं, त्याला ईमेल आठवत नाही, पासवर्ड आठवत नाही, ओटीपी येत नाही, मागं चार जण थांबलेत, मग दुकानातला पोरगा काय करतो, दुकानाचं एक अकाउंट ठेवलेलं असतं ते टाकून पुढं जातो, आणि सगळं झालं की गिऱ्हाईकाच्या नावानं लोकल, म्हणजे फक्त त्याच मशीनपुरता, युजर बनवून लॅपटॉप हातात देतो. त्याच्या मनात काहीच वाईट नसतं, उलट गिऱ्हाईकाचा त्रास वाचवतोय असंच त्याला वाटतं. पण त्या पाच मिनिटांत घराचं कुलूप बदललं गेलं आणि किल्ली दुकानाच्या ड्रॉवरमध्ये राहिली, घरमालकाला ना कुलूप माहीत ना किल्ली. अकाउंट नंतर काढून टाकून लोकल युजर केला तरी की त्या पहिल्या अकाउंटमध्येच राहते.

रविवारी दुकानात गेलो. मालक सज्जन माणूस, बाईंचा विद्यार्थीच निघाला, दोन बॅच पुढचा. अकाउंटचा पासवर्ड त्यांच्या वहीत होता, तो टाकला, पण रिकव्हरी की बघायला गेलं की परत एक कोड मोबाईलवर येतो, आणि तो मोबाईल नंबर होता काम सोडून गेलेल्या पोराचा, जो आता चाकणला एका कंपनीत आहे. अकाउंटवरची सगळी सुरक्षा माहिती बदलायला टाकली तर ३० दिवस थांबावं लागतं. ३० दिवस बाई थांबल्याही असत्या, पण मे महिन्याच्या सुट्टीतले वर्ग तोंडावर होते.

पोराचा नंबर सुदैवानं तोच होता. मालकांनी फोन लावला, त्यानं लगेच ओळखलं, म्हणाला कोड सांगतो. मी नको म्हटलं. ओटीपी फोनवर सांगायची सवय कोणालाच लागू नये, चांगल्या कामासाठीसुद्धा नको. तूच तुझ्या फोनवर लॉगिन कर आणि की वाच. त्यानं लॉगिन केलं आणि म्हणाला, इथं तर बत्तीस मशीन दिसतायत.

बत्तीस. म्हणजे तीन वर्षांत बत्तीस घरांच्या किल्ल्या एका अकाउंटमध्ये, आणि त्या उघडायची ताकद नोकरी सोडून गेलेल्या एका पोराच्या सिमकार्डात. मालक खुर्चीत खाली बसले.

बत्तीसमधून बाईंची की कुठली ते ओळखायला की आयडी असतो, त्याची पहिली आठ अक्षरं रिकव्हरी स्क्रीनवर दिसतात, ती मी कागदावर उतरवून नेली होती, ती जुळवली आणि सापडली. पोरगा म्हणाला स्क्रीनशॉट पाठवतो, पण तोवर बाईंनी वही उघडून पेनचं टोपण काढलं होतं, म्हणाल्या तू वाच, मी लिहिते. फोन स्पीकरवर. सहा-सहा अंकांचे आठ गट, पोरानं आपल्या पद्धतीनं दोन-दोन अंक जोडून वाचले आणि बाईंनी शुद्धलेखनासारखे उतरवून घेतले.

घरी येऊन की टाकली तर चूक. परत टाकली, परत चूक. मी म्हटलं पोराला परत फोन लावतो, तर बाईंनी मला हातानंच थांबवलं.

आता इथं मला एक गोष्ट माहीत होती ती मी त्यांना सांगितली, की या कीमधल्या प्रत्येक सहा अंकी गटाला ११ नं पूर्ण भाग जातो. मुळात प्रत्येक गट हा १६ बिटांची एक संख्या असते, तिला ११ नं गुणून सहा अंक करतात, असे आठ गट म्हणजे १२८ बिट, आणि ११ नं गुणायचं कारणच हे की लिहिताना एखादा अंक चुकला तर कळावं. कोणताही एकच अंक चुकला की ११ ची कसोटी मोडतेच. हे ऐकल्यावर बाई ज्या सरसावून बसल्या ते बघण्यासारखं होतं. आम्हाला आठवीत शिकवलेली कसोटी, एकाआड एक अंकांची बेरीज करायची, दोन्ही बेरजांचा फरक शून्य किंवा ११ च्या पटीत यायला हवा. पेन हातात घेऊन एकेक गट तोंडी सोडवत गेल्या, पहिला बरोबर, दुसरा बरोबर, आणि पाचव्याला थांबल्या.

खरा गट इथं लिहीत नाही, तसाच दुसरा घेऊन दाखवतो. समजा वहीत २३६९६१ आहे. २, ६, ६ ची बेरीज १४ आणि ३, ९, १ ची १३, फरक एक, म्हणजे गट चुकलाय. बाई म्हणाल्या, मला ऐकतानाच इथं शंका आली होती, बघ बाजूला टिंब काढलंय, तो एकोणसाठ म्हणाला असणार आणि मी एकोणसत्तर लिहिलं. मग २३५९६१ करून बघा, २, ५, ६ चे तेरा, ३, ९, १ चेही तेरा, फरक शून्य. आपल्या मराठीत एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी फोनवर ऐकताना कोणाचीही गल्लत होते, म्हणून असले नंबर एकेक अंक सुटा वाचून घ्यावा.

दुरुस्त करून टाकली आणि विंडोजचा लोगो आला. बाई काही बोलल्या नाहीत, देवघरापाशी जाऊन आल्या.

पुढं अजून एक अडथळा होता, पिन चालेना, कारण तो पिनपण जुन्या टीपीएमशीच बांधलेला असतो, तिथं युजरचा पासवर्ड लागतो. तो वॉरंटी कार्डाच्या मागं पोराच्या अक्षरात लिहिलेला सापडला. आत गेल्यावर पहिलं काम काही न बदलता सगळा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करणं, आणि कॉपी झाल्यावर त्यातल्या दहाबारा फाइल प्रत्यक्ष उघडून बघणं. सरांचे फोटो बाईंनी स्वतः उघडले, मी आत पाणी प्यायला गेलो.

मग बाईंनी मला रोखठोक विचारलं, हे कुलूप हवंच कशाला, लॅपटॉप तर घरातच असतो, काढून टाक. हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि अशा प्रसंगातून गेलेला प्रत्येक माणूस तो विचारतो. मीपण दहा मिनिटं विचार केला. घरात चोरी होण्यापेक्षा डेटा आपल्याच हातानं अडकण्याची शक्यता बाईंच्या बाबतीत जास्त, हे खरं. पण त्या लॅपटॉपवर आधार आणि पॅनचे स्कॅन आहेत, बँकेचे लॉगिन ब्राउझरमध्ये सेव्ह आहेत, शिकायला येणाऱ्या पोरांची नावं आणि पालकांचे नंबर आहेत, आणि बाई वर्षातून चार वेळा तो एसटीनं ठाण्याला मुलीकडं नेतात. कुलूप नसलेली डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की पिन बिन काही लागत नाही, सगळं उघडं. उद्या जुना लॅपटॉप एक्स्चेंजला दिला तरी तेच. बाईंच्या टॅबलेटला तर हे कुलूप आहेच, अलीकडच्या अँड्रॉइडवर सगळा डेटा एन्क्रिप्टच असतो, फक्त तिथं किल्ली स्क्रीन लॉकशी जोडलेली म्हणून वेगळी की कोणी मागत नाही. ॲपलच्या मॅकवर फाइलव्हॉल्ट नावाचं असंच कुलूप स्वतः चालू करताना रिकव्हरीची सोय समोर दाखवतात, ते मला बरं वाटतं, निदान माणसाला कळतं की आपण कुलूप लावतोय. म्हणून मी म्हटलं, बाई कुलूप ठेवू, पण किल्ली तुमची करू.

बाईंनी हेही विचारलं की हे माझ्याच नशिबी का. तर तसं नाही. जुलै २०२४ मध्ये विंडोजच्या त्या महिन्याच्या अपडेटनंतर काही मशीन अशीच रिकव्हरी स्क्रीनवर अडकली होती, आणि त्याच महिन्यात १९ तारखेला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या चुकीच्या अपडेटनं जगभरात साधारण ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली, आपल्याकडं विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, तेव्हा ऑफिसाऑफिसांत मशीन दुरुस्त करायला आयटीवाल्यांना हीच की प्रत्येक मशीनवर हातानं टाकत बसावं लागलं. ज्यांच्याकडं यादी नीट होती ते लवकर सुटले.

तर केलं काय. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत डिव्हाइस एन्क्रिप्शन असतं, तिथून ते आधी बंद केलं, सगळी डिस्क उघडी व्हायला आमचं जेवण होईपर्यंत वेळ गेला. मग बाईंच्या स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं साइन इन केलं, त्याला बाईंचा मोबाईल आणि दुसरा म्हणून मुलीचा नंबर जोडला, आणि एन्क्रिप्शन परत चालू केलं. असं बंद करून चालू केल्यावर नवी की तयार होते, दुकानातली जुनी निरुपयोगी झाली. नवी की अकाउंटच्या पानावर आलीय हे डोळ्यांनी बघितलं, की आयडीसकट मोठ्या अक्षरांत प्रिंट काढली, एक प्रत घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये, एक ठाण्याला. बाई एक प्रत लॅपटॉपच्या बॅगेत ठेवायला निघाल्या होत्या, ती काढायला लावली, बॅगेसकट चोरी झाली तर किल्ली कुलपालाच लटकवून दिल्यासारखं होईल. पेन ड्राइव्हऐवजी आता एक हार्ड डिस्क, महिन्याच्या पहिल्या रविवारी कॉपी, कॅलेंडरवर खूण केलेली. तुमच्याकडं विंडोज ११ असेल तर आत्ताच सेटिंग्जमध्ये जाऊन एन्क्रिप्शन चालू आहे का बघा, असेल तर तुमच्या अकाउंटवर की दिसते का बघा, आणि दिसत नसेल तर लॅपटॉप दुरुस्तीला द्यायच्या आधी हे निस्तरा.

राहिला दुकानाचा प्रश्न. मालक म्हणाले ते अकाउंटच डिलीट करून टाकतो, मला भीतीच वाटते. मी अक्षरशः हात जोडले, ते डिलीट झालं तर उरलेल्या एकतीस घरांपैकी ज्याचा बोर्ड जाईल त्याचा डेटा कायमचा गेला. आधी प्रत्येकाला गाठायचं, त्याच्या स्वतःच्या अकाउंटवर नवी की करून द्यायची, आणि मगच इथली काढायची. चाकणच्या पोरानं सुट्टीच्या दिवशी येऊन मालकांचा नंबर अकाउंटला जोडून दिला. बिलबुकातून नावं काढायचं काम बाईंनी घेतलंय, वहीत तक्ता आखलाय, नाव, गाव, फोन, झालं की बरोबरची खूण. गेल्या रविवारपर्यंत एकोणीस खुणा झाल्या, सहा जणांचे नंबर बंद आहेत, त्यातला एक मलकापूरचा आहे, त्याच्या घरी बाई बुधवारी रिक्षानं जाणार आहेत.